तीनशे मिलिमीटरचा दावा

एखादी लेन्स बरी की वाईट हे सांगायला बहुतेकांजवळ एकच शब्द असतो: ‘शार्प’. दुकानदार तोच वापरतो, कॅमेऱ्यांची परीक्षणे लिहिणारे तोच वापरतात, आणि शाळेच्या निसर्गमंडळासाठी पहिला कॅमेरा घ्यायला निघालेले शिक्षकही हेच विचारतात, “तीनशेला शार्प येते का हो?” प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. प्रयोगशाळेसाठी तापमापी घेताना आपण ‘बरोबर दाखवते का’ एवढे विचारून थांबत नाही. ती कुठपासून कुठपर्यंत मोजते, किती फरकाने मोजते, आणि चुकलीच तर नेहमी एकाच बाजूला चुकते की कशीही, हे आपण पाहतो. निसर्गमंडळाच्या हाती पडलेली लेन्स हेही निरीक्षणाचे एक साधनच आहे. तिला वेगळा न्याय का लावावा?

हा नुसता शब्दांचा वाद नाही. शाळांतून मुलांनी काढलेली पक्ष्यांची छायाचित्रे अधूनमधून माझ्याकडे पाहण्यासाठी येतात. त्यांतली बरीच धूसर असतात, आणि सोबतच्या पत्रात बहुधा एक वाक्य असते: ‘मुलांचा हात अजून बसलेला नाही.’ कधी ते खरे असते. पण पुष्कळदा छायाचित्र मोठे करून पाहिले की दिसते, हात अगदी स्थिर होता. दोष काचेचा होता, किंवा काचेचाही नव्हता, दुपारच्या तापलेल्या हवेचा होता. आठवीतल्या मुलीला विनाकारण ठपका मिळाला. उलटही होते. चांगली लेन्स ‘बेकार’ ठरवून कपाटात पडून राहते, कारण कोणीतरी तिच्यापुढे रस्त्यावरून घेतलेला फिल्टर बसवलेला असतो. दोष नेमका कोणाचा हे ओळखता आले पाहिजे, आणि त्याला शाळेत असलेल्या सामानाहून जास्त काही लागत नाही.

उदाहरणासाठी एक प्रत्यक्ष लेन्स समोर ठेवू. कॅननची ७५–३०० मि.मी., एफ ४ ते ५.६. तिची तिसरी आवृत्ती १९९९ साली आली. कॅमेऱ्यासोबत ‘दोन लेन्सचा संच’ म्हणून ही लेन्स वर्षानुवर्षे इतकी विकली गेली आहे की पुष्कळ शाळांत आणि घरांत ती न मागताच येऊन पोचलेली आढळते. (या लेखात ‘लेन्स’ म्हणजे कॅमेऱ्याला लावायची अख्खी नळी, आणि ‘भिंग’ म्हणजे तिच्यातली एकेक काच.) या नळीत ९ गटांत मिळून १३ भिंगे आहेत. वजन ४८० ग्रॅम. मिटवल्यावर लांबी सुमारे १२ सें.मी.

तीनशे मि.मी. नाभीय अंतराची लेन्स १२ सें.मी.त कशी मावते, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील आणि त्याने तो विचारावाच. पुढे बहिर्गोल गट व मागे अंतर्गोल गट ठेवला तर येणारे किरण जणू फार पुढून वळले आहेत असे वागतात, आणि नाभीय अंतर नळीच्या लांबीहून मोठे होते. ही युक्ती १८९१ साली इंग्लंडमध्ये डॅलमायर आणि जर्मनीत मीठे व श्टाइनहाइल यांनी एकमेकांना न कळता जवळजवळ एकाच वेळी काढली. तिची किंमत मात्र मोजावी लागते. पुढच्या गटात राहिलेला प्रत्येक लहान दोष मागचा अंतर्गोल गट मोठा करून पडद्यावर टाकतो. त्यातून ही झूम लेन्स. गट पुढेमागे सरकत असताना ७५ पासून ३०० पर्यंत प्रत्येक ठिकाणी दोष आटोक्यात ठेवायचे, तेही साध्या काचा आणि थोडा खर्च यांत. काहीतरी सुटणारच. सुटते ते बहुधा लांबच्या टोकाला, म्हणजे नेमके ज्या टोकासाठी गिऱ्हाइकाने पैसे दिले तिथे.

आता थोडे गणित, कारण त्याशिवाय मोजपट्टी हाती येत नाही. नेहमीच्या लहान सेन्सरच्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात २२.३ मि.मी. रुंदीवर ६००० पिक्सेल असतात. एक पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. तीनशे मि.मी.ला एक पिक्सेल आकाशातले किंवा रानातले २.६ विकलांचे कोन टिपतो. (एका अंशात ३६०० विकला.) वीस मीटरवर बसलेल्या खंड्याच्या अंगावर हे अंतर पाव मि.मी. भरते. दुसरीकडे, तीनशेला एफ ५.६ म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र ३०० भागिले ५.६, सुमारे ५४ मि.मी. व्यासाचे. प्रकाशाच्या तरंगरूपामुळे एवढ्या छिद्रातून, भिंग कितीही निर्दोष असो, २.६ विकलांहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत. योगायोगाने दोन्ही आकडे सारखेच आले.

म्हणजे निसर्गनियमाची मर्यादा आणि सेन्सरची मर्यादा इथे जवळजवळ हातात हात घालून उभ्या आहेत. या मर्यादेच्या किती जवळ लेन्स पोचते, तेवढी ती चांगली. माझ्या मते स्वस्त असो वा महाग, दुसरा कोणताही निकष इतका स्वच्छ नाही. ‘किमतीच्या मानाने चांगली’ हे परीक्षणांतले लाडके वाक्य मला कधीच पटलेले नाही. किमतीच्या मानाने चांगला तराजू म्हणजे काय? शंभर ग्रॅमला नव्वद दाखवणारा तराजू फुकट मिळाला तरी तो नव्वदच दाखवतो. मात्र तो किती चुकतो हे आपल्याला नक्की माहीत असेल, तर त्याच तराजूने काम चालवता येते. भौतिकशास्त्राचे शिक्षक शून्यांकाची चूक असलेला अमीटर फेकून देत नाहीत. चूक मोजून ठेवतात आणि वजा करतात.

लेन्सची चूक मोजायची तर आधी इतरांच्या चुका बाजूला काढल्या पाहिजेत. पहिली हाताची. आपल्या डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे ६० विकला, एवढा कोन जेमतेम जाणवतो. समजा छायाचित्र घेताना हात एवढासाच हलला. पाहणाऱ्याला कॅमेरा दगडासारखा स्थिर दिसेल. पण तीनशे मि.मी.ला सेन्सरवरची प्रतिमा तेवढ्यात ८७ मायक्रॉन सरकते, म्हणजे २३ पिक्सेल! ‘एक भागिले नाभीय अंतर’ इतक्या सेकंदाचा वेग ठेवावा, हा फिल्मच्या काळातला ठोकताळा इथे तोकडा पडतो. लहान सेन्सरवर निदान एक पाचशेांश सेकंद हवा आणि एक हजारांश मिळाला तर उत्तम. परीक्षेच्या वेळी तर कॅमेरा तिपाईवरच हवा, दोन सेकंदांचा टायमर लावून, बटणाला बोट न लावता.

हाताचा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. हात हलला तर चित्रभर प्रत्येक बिंदूची एकाच दिशेने रेघ होते, मध्यभागी तशीच कोपऱ्यात. लेन्सचा दोष असा समानतेने वागत नाही. तो मध्यभागी कमी आणि कडेला जास्त असतो. आणि फोकस चुकला असेल तर पक्षी धूसर पण त्याच्या पुढची किंवा मागची फांदी मात्र लख्ख दिसते. स्वस्त लेन्समधली फोकस करणारी मोटर मंद असते, कमी उजेडात पुढेमागे चाचपडते. म्हणून परीक्षेत फोकस हातानेच, पडद्यावर प्रतिमा दहापट मोठी करून साधावा. या तीन खुणा फळ्यावर लिहून ठेवल्या तरी निम्मे खटले तिथल्या तिथे निकालात निघतील.

दुसरी चूक हवेची. एप्रिलच्या दुपारी शाळेच्या गच्चीवरून अर्धा कि.मी. दूरच्या पाण्याच्या टाकीवर लेन्स रोखून जो निर्णय देतो, तो लेन्सची नव्हे, मृगजळाची परीक्षा घेतो. तापलेल्या जमिनीवरच्या हवेचे थर उकळत्या पाण्यासारखे हलत असतात, आणि ते कोणत्याही काचेने सरळ होत नाहीत. परीक्षा सकाळी घ्यावी, अंतर थोडे ठेवावे. तिसरी चूक फिल्टरची. पुढच्या काचेवर ओरखडा पडू नये म्हणून बसवलेली सपाट काच खरोखर सपाट असतेच असे नाही. लहान नाभीय अंतराला ते खपून जाते. तीनशेला त्या काचेतला बारीकसा बाकही अंगावर येतो. परीक्षेआधी फिल्टर काढा. मी तर म्हणेन नंतरही काढलेलाच राहू द्या, उन्हाची टोपी लावा.

आता परीक्षापत्रिका. परदेशी प्रयोगशाळांत लेन्सपुढे बारीक रेषांचे तक्ते लावतात. आपल्याकडे त्याहून सोयीची वस्तू रोज सकाळी दारात पडते. मराठी वर्तमानपत्र. देवनागरी लिपी लेन्सच्या परीक्षेसाठीच घडवली असावी असे मला अनेकदा वाटते. शिरोरेषा म्हणजे आडवी रेघ, काना म्हणजे उभी रेघ आणि अनुस्वार म्हणजे बिंदू! ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्या आतल्या लहान पोकळ्या धूसरपणात सर्वांत आधी बुजतात.

कॅमेऱ्यापासून १५ मीटरवर सूचनाफलक ठेवा. तीनशे मि.मी.ला तिथे साधारण १.१ मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच क्षेत्र चौकटीत मावते. एक पान मध्यभागी, चार कोपऱ्यांत चार आणि डाव्या-उजव्या कडांच्या मध्यावर दोन, अशी पाने टाचा. एका पिक्सेलमध्ये इथे कागदाचा ०.१९ मि.मी. भाग येतो, म्हणजे बातमीतले अडीच मि.मी. उंचीचे अक्षर तेरा पिक्सेलमध्ये मावते आणि अनुस्वार दोन-तीन पिक्सेलमध्ये. फलक कॅमेऱ्याला समांतर आहे ना हे पाहण्यासाठी मध्यभागी एक सपाट आरसा टेकवून धरा. कॅमेऱ्यातून पाहताना लेन्सचे स्वतःचेच तोंड चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसले की फलक समांतर. मग १००, २०० आणि ३०० मि.मी.ला, आणि दर वेळी पूर्ण उघड्या छिद्राला, एफ ८ ला, एफ ११ ला आणि एफ २२ ला, अशी छायाचित्रे घ्या. बारा छायाचित्रे. एका तासिकेचे काम.

त्यांचा अर्थ लावणे हाच खरा धडा आहे. सगळे दोष एकाच प्रकारचे धूसरपण देतात असे वरवर वाटते, पण छिद्र लहान केल्यावर ते वेगवेगळ्या चालीने मागे हटतात. छिद्राचा व्यास १.४ पट कमी केला, म्हणजे ५.६ वरून ८ वर आलो, तर गोलीय विपथनाचा धब्बा घनाच्या प्रमाणात आक्रसतो आणि जवळजवळ एकतृतीयांश उरतो. कोपऱ्यातल्या बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी देणारा दोष, कोमा, वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे निम्मा होतो. रंग पुढेमागे फोकस होण्याचा दोष फक्त सात दशांशावर येतो. रंगांच्या प्रतिमा लहानमोठ्या होण्याचा दोष तर मुळीच हलत नाही, एफ २२ पर्यंत तसाच राहतो. आणि विवर्तन उलट वाढत जाते: बिंदूची चकती ५.६ ला ७.५ मायक्रॉन, म्हणजे दोन पिक्सेल. ११ ला चार पिक्सेल. २२ ला जवळजवळ आठ. त्यामुळे ५.६ ला धूसर असलेले मधले पान ८ ला एकदम उजळले, तर गोलीय विपथन हा गुन्हेगार. कोपऱ्यातल्या अक्षरांना काही केल्या लालसर आणि निळसर कडा राहिल्या, तर गुन्हेगार वेगळा. एफ २२ ला सगळेच एकसारखे मऊ झाले तर त्याबद्दल लेन्सला बोल लावू नये, तो प्रकाशाचा स्वभाव आहे.

डाव्या किंवा उजव्या कडेच्या मध्यावरच्या पानावर विशेष लक्ष द्या. तिथे शिरोरेषा स्वच्छ आणि काना मात्र पसरलेला, किंवा नेमके उलट, असे दिसले तर तो अस्टिग्मॅटिझम. चष्म्याच्या नंबरातला ‘सिलिंड्रिकल’ त्याच्याच नात्यातला. मुलांपैकी कोणाला तसा चष्मा असेल तर त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि एकच कोपरा बिघडलेला असेल तर? तेरा भिंगांपैकी एखादे कारखान्यात जरा तिरके किंवा बाजूला बसले असेल. स्वस्त लेन्समध्ये हे वारंवार घडते आणि त्यामुळे एकाच नावाच्या दोन लेन्सची चित्रे सारखी येत नाहीत. पण घाई नको. कॅमेरा तिपाईवर उलटा करा, डोके खाली. पुन्हा छायाचित्र घ्या. बिघाड चित्राच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर तो लेन्सचा. फलकावरच्या त्याच पानासोबत गेला तर फलक तिरका होता. एका ओळखीच्या शिक्षकांनी या एका छायाचित्राच्या जोरावर दुकानदाराकडून लेन्स बदलून घेतली. दुकानदार आधी ऐकेना, पण दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर त्याला बोलायला जागा उरली नाही.

रंगाच्या दोषावर थोडे थांबले पाहिजे, कारण निसर्गमंडळाच्या कामात तोच सर्वांत जास्त फसवतो. काच निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा जास्त वळवते, हे दहावीचा विद्यार्थीही जाणतो. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचा जोडून दोन रंग एका जागी आणता येतात. अठराव्या शतकात चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाने हे करून दाखवले आणि डॉलंडने १७५८ साली त्याचे पेटंट घेतले. पण दोन रंग जुळले तरी तिसरा थोडा मागे राहतोच. नेहमीच्या काचांच्या साध्या जोडभिंगात ही तफावत नाभीय अंतराच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी असते. तीनशे मि.मी.ला ०.१५ मि.मी., आणि एफ ५.६ ला त्याचा धब्बा २७ मायक्रॉनचा, म्हणजे सात पिक्सेल. ७५ मि.मी.ला हीच तफावत चौथ्या हिश्शाची असते. रंगदोष लांब टोकालाच का बोकाळतो ते यावरून कळेल. त्यावर उपाय विशेष काचेचा किंवा फ्लोराइटच्या स्फटिकाचा. याच कंपनीने १९६९ साली याच आकड्यांची, ३०० मि.मी. एफ ५.६, लेन्स कृत्रिम फ्लोराइट वापरून बाजारात आणली होती. म्हणजे उपाय माहीत नाही असे नाही. ७५–३०० च्या तेरा भिंगांत विशेष काचेचे एकही भिंग नाही, इतकेच.

परिणाम असा की उजळ आकाशापुढे तारेवर बसलेल्या कोतवालाच्या काळ्या अंगाला जांभळी किनार येते. मुलगा वहीत प्रामाणिकपणे लिहितो: ‘पिसांना जांभळी झाक’. त्याने पाहिले ते लिहिले. पण ती झाक पक्ष्याची नसून काचेची आहे, आणि शिंजीराच्या नराच्या अंगावरची जांभळी चमक खरी आहे. हे दोन्ही एकाच वहीत एकाखाली एक नोंदले जातात. साधनाचा दोष नोंदीत मिसळला की पुढे तो वेगळा काढणे कठीण. म्हणून मंडळाच्या पहिल्या दिवशीच मुलांकडून पांढऱ्या आकाशापुढची एक काळी विजेची तार तीनशेला टिपून घ्यावी आणि ते चित्र वहीत चिकटवून ठेवावे. तारेला रंग नसतो. जो दिसेल तो लेन्सचा. संगणकावर हे धुऊन निघते असे विक्रेते सांगतात. प्रतिमांच्या आकारातला फरक निघतो, कारण लाल आणि निळे चित्र किंचित लहानमोठे करून जुळवता येते. फोकसच्या खोलीतला फरक मात्र असा निघत नाही. तिथला तपशील आधीच हरवलेला असतो, रंग पुसला तरी तो परत येत नाही.

कागदावरची परीक्षा झाल्यावर एक आकाशातली. लग्नात वधूवरांना दाखवतात ती अरुंधती सप्तर्षींमधल्या वसिष्ठाशेजारी असते, दोघांत सुमारे १२ कलांचे अंतर. नुसत्या डोळ्यांनी वसिष्ठ एकच तारा दिसतो, पण दुर्बिणीतून तो स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे, एकमेकांपासून साडेचौदा विकलांवर. छायाचित्रात टिपला गेलेला पहिला जोडतारा हाच. १८५७ साली हार्वर्डच्या वेधशाळेतून. तीनशे मि.मी.ला हे दोन तारे सेन्सरवर २१ मायक्रॉन, म्हणजे साडेपाच पिक्सेल अंतरावर पडतात. विवर्तनाची चकती दोन पिक्सेलची. म्हणजे नियमाप्रमाणे मध्ये काळी फट स्वच्छ दिसायला हवी. मे महिन्यात रात्री नऊ-साडेनऊला वसिष्ठ उत्तरेकडे निम्म्याहून जास्त उंचीवर असतो. तिपाई, हाताने फोकस, आयएसओ ३२००, छिद्र पूर्ण उघडे, एक दशांश सेकंद. एवढ्या वेळात पृथ्वीच्या फिरण्याने तारा एका विकलाहून कमी सरकतो. दहा छायाचित्रे घ्या आणि सर्वांत चांगले पाहा. फट दिसली तर लेन्स पास. दोन्ही मिळून एक लांबट ठिपका दिसला तर लेन्सचा धब्बा वीस मायक्रॉनच्या घरात आहे, तीनशेचा आकडा नळीवर छापण्यापुरता आहे. नंतर तोच तारा एकेका कोपऱ्यात नेऊन पाहिला तर कोमाच्या शेपट्या पुस्तकातल्या आकृतीसारख्या दिसतात. अष्टमीचा चंद्रही चालतो; तीनशेला तो ७३० पिक्सेलचा होतो आणि ९३ कि.मी. व्यासाचे कोपर्निकस विवर सुमारे वीस पिक्सेलचे. पण चंद्र कोणत्याही लेन्सला थोडाफार माफ करतो. वसिष्ठ करत नाही.

या मोजपट्टीवर ७५–३०० कुठे बसते? आजवरच्या परीक्षणांत तिच्याबद्दल दुर्मीळ असे एकमत आहे: २०० पर्यंत एफ ८ ला समाधानकारक, ३०० ला पूर्ण उघड्या छिद्राला मऊ आणि रंगीत कडांची. परीक्षणकार हे सांगतात आणि खाली ‘नवशिक्यांसाठी ठीक’ असा शेरा मारतात. हा शेरा मला उलटा वाटतो. अनुभवी माणूस दोष ओळखून वळसा घालतो. नवशिका स्वतःला दोष देतो. वाईट साधन सर्वांत महाग पडते ते त्यालाच.

कंपन्या आपल्या लेन्सचे आलेख प्रसिद्ध करतात, त्यांवर विसंबूनही भागत नाही. बरेचसे आलेख प्रत्यक्ष मोजलेले नसून आराखड्यावरून गणिताने काढलेले असतात. तुमच्या हातातल्या नळीत भिंग तिरके बसले असेल तर आलेखाला त्याचा पत्ता नसतो. शिवाय त्यांत सर्वांत बारीक नक्षी म्हणून दर मि.मी.ला ३० रेषाजोड्या धरण्याची प्रथा फिल्मच्या काळापासून चालत आली आहे. आजच्या सेन्सरवर अशी एक जोडी नऊ पिक्सेल रुंद असते. सेन्सर १३० पर्यंत मागतो आणि आलेख ३० वर थांबतो.

तरी न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अख्खी चौकट भरून घेतलेले चित्र वर्गातल्या प्रोजेक्टरवर दाखवले तर ते मूळच्या तिपटीने लहान होते, तीन पिक्सेलचा धब्बा एका पिक्सेलमध्ये लपतो, आणि ७५–३०० चे चित्र महागड्या लेन्सच्या चित्राशेजारी बिनदिक्कत उभे राहते. क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, बांधावरची म्हैस, यांसाठी तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण पक्षी चौकट भरत नाहीत. ते चौकटीच्या दहाव्या भागात बसतात, आणि तेवढाच भाग कापून मोठा करावा लागतो. तिथे लपायला जागा नसते.

खरा आक्षेप पुढचा आहे. २०२५ साली कंपनीने आरशाविना चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांसाठी ७५–३०० पुन्हा बाजारात आणली. तीच ९ गटांतली १३ भिंगे, मूळ रचना १९९९ च्या लेन्सचीच. हात हलण्याचा परिणाम कमी करणारी स्थिरीकरणाची सोय तिच्यात नाही. ज्या स्वस्त कॅमेऱ्यांसाठी ती आहे त्या आर१०० किंवा आर५० मध्ये सेन्सर हलवून स्थिर करण्याचीही सोय नाही. आणि गंमत पाहा, अदलाबदल करता येणाऱ्या लेन्समध्ये स्थिरीकरण पहिल्यांदा आणले ते याच कंपनीने, १९९५ साली, तेही एका ७५–३०० मध्येच! तीस वर्षांपूर्वी जे साधले होते ते विद्यार्थ्याला विकायच्या लेन्समधून वगळले आहे. २३ पिक्सेलचे गणित आठवा. जुना आराखडा म्हणून तो वाईट असे मी म्हणत नाही. कितीतरी जुने आराखडे आजही उत्तम आहेत. पण ज्याच्या उणिवा पाव शतक जगजाहीर आहेत तो तसाच नव्या डब्यात घालून सर्वांत अननुभवी गिऱ्हाइकापुढे ठेवणे, हे मला पटत नाही.

स्वस्तात याहून चांगले करता येत नाही, हा बचावही टिकत नाही. याच कंपनीची लहान सेन्सरसाठीची ५५–२५० लेन्स, २०१३ ची एसटीएम आवृत्ती, हीही स्वस्त वर्गातलीच. वजन ३७५ ग्रॅम, १५ भिंगे, त्यांत विशेष काचेचे एक, आणि स्थिरीकरण आहे. तिचे सर्वांत मोठे छिद्र ४५ मि.मी., म्हणजे कागदावर ७५–३०० हून कमी. पण तिचे २५० चे चित्र १.२ पट मोठे केले तरी ते दुसरीच्या ३०० च्या चित्राहून जास्त सांगते. नळीवरचा आकडा आणि चित्रातला तपशील यांची गल्लत इथे उघडी पडते. पन्नास मि.मी. जास्त हे आमिष आहे.

ही ५५–२५० आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीची असल्याने शाळेने ती जुनी घेतलेली बरी. नव्या कॅमेऱ्याला जोडकडे लावून ती बसते. जुनी घेताना वरच्या परीक्षांखेरीज एकच आणखी करावी. अंधाऱ्या खोलीत मागून बॅटरीचा झोत टाकून पुढून तिरके आत पाहावे. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या दोन-तीन पावसाळ्यांत नीट न ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसतात. धूळ दिसली तर हरकत नाही, चित्रात ती उमटत नाही. धागे दिसले तर घेऊ नये. आणि घेतलेली लेन्स जूनपासून सप्टेंबरपर्यंत कातडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. पुड्या दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर गरम करून कोरड्या करता येतात; शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीवरही हे काम होते.